दुसऱ्या उड्डाणाला दम का लागतो?

अंतराळात झेपावणाऱ्या सुपरहिरोचा पहिला पिक्चर गाजतो. तीन-चार वर्षांनी त्याचा दुसरा भाग येतो. जाहिराती मोठ्या, शत्रू मोठा, ग्रहही जास्त. आणि मध्यंतरातच जळगाव-धुळ्याच्या थिएटरबाहेर निकाल लागतो, ‘पहिला भारी व्हता, भो.’ या निकालात दहापैकी आठ वेळा तथ्य असतं. ते का असतं, याचा नीट विचार मात्र आपण करत नाही. ‘नुसता पैसा कमवायला काढला’ असं म्हणून विषय संपवतो.

हा विषय इतक्या लवकर संपणारा नाही. सुपरहिरोंचे पिक्चर हिंदी डबिंगमधून आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. आपली मुलं त्यांवर वाढत आहेत. शिवाय सुपरहिरो घडवण्याचा एक अस्सल प्रयोग खान्देशाच्या उंबरठ्यावर, धुळ्याहून साधारण पन्नास किलोमीटरवरच्या मालेगावात झालेला आहे. म्हणून या प्रश्नाचा आढावा इथूनच घेणं योग्य ठरेल.

दोन मापं

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘दुसरा भाग कमी पडला’ असं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. गल्ला कमी पडणं वेगळं आणि पिक्चर कमी पडणं वेगळं.

जेम्स गनचा ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ 2014 मध्ये आला. त्याचा दुसरा भाग 2017 मध्ये आला आणि त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. तरीही बहुतेक रसिकांच्या मनात पहिलाच वर राहिला. कारण उघड आहे. पहिल्या भागात कुणाचंच कुणी नसलेले पाच जण तुरुंगात एकत्र येतात आणि भांडत-भांडत एकमेकांचे होतात. तेच त्या पिक्चरचं सुख होतं. दुसऱ्या भागात हीच मंडळी दोन टोळ्यांत विभागली जाते. नायकाला बाप सापडतो आणि तो बाप म्हणजे एक अख्खा जिवंत ग्रह असतो. पडद्यावर तो ग्रह डोळे दिपवतो, पण पाच जणांची जुगलबंदी ज्यांना हवी होती त्यांना ती तुकड्यातुकड्यांनीच मिळते. यॉन्डू या पात्राचा शेवट मनाला भिडतो, कारण तिथे गोष्ट पुन्हा मूळ प्रश्नावर येते: आपलं माणूस कोण?

गल्ला हे वितरकाचं माप आहे. प्रेक्षकाने आपलं माप वेगळं ठेवावं. या लेखात तेच वापरलं आहे.

पैशाने बिघडतं का?

सर्वांत प्रचलित समज असा, की पैसा आला आणि पिक्चर बिघडला. दुसरा समज नेमका उलटा, की पैसा आटला म्हणून बिघडला. दोन्हींची उदाहरणं मिळतात.

‘सुपरमॅन’ हे पात्र 1938 मध्ये क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी जगापुढे आणलं. त्याचे हक्क त्यांनी 130 डॉलरला विकले. चाळीस वर्षांनी, 1978 मध्ये, रिचर्ड डॉनरने क्रिस्टोफर रीव्हला घेऊन त्यावर जो पिक्चर केला, त्यात माणूस उडतो हे प्रेक्षकाला पटावं यासाठी अपार कष्ट घेतले होते. पण तो पिक्चर टिकला तो रीव्हच्या दुहेरी अभिनयावर. खांदे पाडून चष्मा सावरणारा क्लार्क आणि छाती ताणलेला सुपरमॅन एकच नट करतो आहे, यावर विश्वास बसत नाही.

मालिकेचा चौथा भाग 1987 मध्ये आला. त्याची कल्पना लहान नव्हती. एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो, की जगातली अण्वस्त्रं नष्ट कर. या कथेत रीव्हचा स्वतःचा सहभाग होता. पण निर्मात्या कंपनीने खर्चाला मोठी कात्री लावली. इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स हे गाव अमेरिकेतलं महानगर म्हणून दाखवलं गेलं. उडण्याचा एकच शॉट पुन्हा पुन्हा वापरला गेला. चंद्रावरच्या लढाईत प्रेक्षकाला चंद्र दिसण्याऐवजी सेट दिसला. मोठा प्रश्न हाती असूनही पिक्चर पडला.

आता दुसरं टोक. ‘कॅप्टन मार्व्हल’ने 2019 मध्ये एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. तिचा पुढचा भाग ‘द मार्व्हल्स’ भारतात नोव्हेंबर 2023 मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर आला. प्रचंड खर्च, तीन नायिका, त्यातली एक पाकिस्तानी-अमेरिकी घरातली कमला खान. तरीही त्याची कमाई जगभरात सुमारे 20 कोटी डॉलरवर थांबली. मार्व्हल स्टुडिओच्या मालिकेतली ती तोवरची सर्वांत कमी कमाई होती. इथे पैशाची टंचाई अजिबात नव्हती.

म्हणजे पैसा कमी असताना एक पडला आणि भरपूर असूनही दुसरा पडला. दोष पैशाच्या आकड्यात शोधता येत नाही.

वाढू दिलेले सगळे कोंब

‘द मार्व्हल्स’चं दुखणं समजून घ्यायला आपल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेइतकी चांगली जागा नाही. मुख्य पिकाचा घड कापल्यावर त्याच बुंध्याजवळच्या कोंबावर जे दुसरं पीक घेतात, ते पिलबाग. ती पहिल्या बागेपेक्षा लवकर हाती येते, लागवडीचा खर्च वाचतो, म्हणून ती मोहाची. पण शेतकऱ्याला ठाऊक असतं, की बुंध्याभोवती उगवलेले सगळे कोंब राखले तर एकाचाही घड भरत नाही. वेळच्या वेळी बाकीचे कापून एकच जोमदार कोंब राखावा लागतो.

मार्व्हलने नेमके सगळे कोंब राखले. ‘द मार्व्हल्स’ पूर्ण कळावा तर आधीचा पिक्चर, ‘वांडाव्हिजन’ ही मालिका आणि ‘मिस मार्व्हल’ ही मालिका पाहिलेली हवी. या दोन्ही मालिका पैसे भरून घ्यायच्या ओटीटीवर होत्या. चोपड्याहून किंवा शिरपूरहून सुटीच्या दिवशी पोरांना घेऊन आलेल्या बापाने हा अभ्यास केव्हा करायचा? पहिल्या भागात पाहुण्यासारखा आत घेतलेला प्रेक्षक इथे परीक्षार्थी होऊन बसला.

याहून वाईट वाटतं ते गाभ्याचं. या कथेत एक खरोखर मोठा प्रश्न होता. नायिकेने पूर्वी एका जुलमी सत्तेचा मेंदू उद्ध्वस्त केला. तिला वाटलं आपण मुक्ती दिली. त्या ग्रहावर मात्र यादवी माजली, हवा-पाणी संपलं, सूर्य विझत चालला. आता तिथली सत्ताधीश इतरांचं पाणी, हवा आणि सूर्य लुटायला निघाली आहे. सुपरहिरोच्या चांगुलपणाचं बिल कोण भरतो, हा तो प्रश्न. त्यावर अख्खा पिक्चर उभा राहिला असता. 105 मिनिटांत तीन नायिकांची ओळख, जागांची अदलाबदल, गाण्यात बोलणारा ग्रह आणि पुढच्या पिक्चरची जाहिरात बसवताना हा प्रश्न दोन-तीन संवादांत उरकला गेला.

आपलं अंतराळ, आपले दुसरे भाग

हिंदीत हाच प्रवास राकेश रोशन यांच्या मालिकेत दिसतो. ‘कोई... मिल गया’ (2003) हा परग्रहावरच्या पाहुण्याचा पिक्चर. पण त्यातला नायक रोहित बुद्धीने मागे पडलेला, शाळेत हिणवला जाणारा मुलगा होता. उन्हातून बळ घेणारा तो पाहुणा, जादू, त्याला भेटतो, तेव्हा पडद्यासमोरच्या प्रत्येक हिणवल्या गेलेल्या मुलाला कुणीतरी भेटतं. ‘क्रिश’ने (2006) पिढी बदलली, प्रश्नही बदलला: अंगी बळ असताना आजीच्या भीतीपोटी ते लपवायचं का? म्हणून तो दुसरा भाग असूनही उभा राहिला. ‘क्रिश 3’ (2013) मध्ये इमारती कोसळतात, माणसाची आणि प्राण्यांची सरमिसळ केलेले खलनायक येतात, तांत्रिक करामत आधीपेक्षा कितीतरी वरची. पण नायकाला स्वतःविषयी पडलेला प्रश्न उरलेला नाही. परदेशी पिक्चरांची आठवण करून देणारे प्रसंग एकामागून एक येतात आणि जादूची आठवण मात्र अधिकच येते.

मराठीत अंतराळातला सुपरहिरो नाही. विज्ञानकथेची परंपरा मात्र आहे. जयंत नारळीकरांनी ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशा कादंबऱ्यांतून ती घरोघरी नेली. पडद्यावर 2015 मध्ये श्रेयस तळपदेचा ‘बाजी’ आला. मराठी मातीतला मुखवटाधारी नायक उभा करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, पण तिथे गोष्ट दुसऱ्या भागापर्यंत पोचलीच नाही.

दुसऱ्या भागाचा रोग मात्र मराठीलाही जडला आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (1993) आजही पाठ आहे. वीस वर्षांनी, 2013 मध्ये, ‘झपाटलेला 2’ थ्रीडीमध्ये आला. तात्या विंचू हा बाहुला परतला, अधिक चपळ झाला, पण लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्येच गेले होते. पहिल्या भागाची भीती ही लक्ष्याच्या चेहऱ्यावर दिसणारी भीती होती. तो घाबरायचा तेव्हा आपण एकाच वेळी हसायचो आणि दचकायचो. थ्रीडीने बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर आणला, तो चेहरा आणता येणार नव्हता. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) हा दोन अनोळखी माणसांचा एका दिवसाचा पिक्चर. दुसऱ्या भागात (2015) दोन्हीकडची कुटुंबं आणि लग्नाचा थाट आला. तो पाहायला आवडला, पण पहिल्यातली दोघांचीच मोकळी बडबड गर्दीत हरवली.

या सगळ्यांत एक धागा समान दिसतो. पहिल्या भागात जे डोळ्यांना दिसलं ते उचललं जातं: बाहुला, मुखवटा, ग्रह, जोडी. ते ज्या उणिवेसाठी आलं होतं, ती उणीव मागेच राहते. आकार नवा मिळतो, प्रश्न नवा मिळत नाही.

अपवाद हेच सिद्ध करतात. ‘लगे रहो मुन्नाभाई’ने (2006) मुन्ना आणि सर्किट तेच ठेवले, पण वैद्यकीय महाविद्यालय सोडून थेट गांधीजींचा प्रश्न हाती घेतला. ‘स्पायडर-मॅन 2’ (2004) मध्ये नायकाला भाडं भरता येत नाही, नोकरी टिकत नाही आणि तो विचारतो, हे ओझं मी का वाहू? ‘स्टार वॉर्स’च्या दुसऱ्या पिक्चरने (1980) नायकाला जिंकू दिलं नाही. हे तिन्ही दुसरे भाग पहिल्याच्या बरोबरीने, काहींच्या मते वरचढ ठरले.

मालेगावचा सुपरमॅन

आता घराजवळ येऊ. मालेगाव यंत्रमागांचं शहर. मागाचा खडखडाट दिवसरात्र चालतो आणि शुक्रवारी सुटी असते. ती सुटी पिक्चरची. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 मध्ये ‘मालेगाव के शोले’ बनवला. पैसा किरकोळ, नट गावातलेच. गब्बरसिंगचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली, डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. मालेगाव खदखदून हसलं, कारण पडद्यावर पहिल्यांदाच त्याची बोली, त्याच्या गल्ल्या आणि त्याची माणसं होती.

यशानंतर नासिर यांच्यापुढे तोच प्रश्न आला जो हॉलिवूडपुढे येतो: आता पुढे काय? त्यांनी उत्तर निवडलं ते सुपरमॅन. ‘मालेगाव का सुपरमॅन’ घडताना फैजा अहमद खान यांनी केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट 2008 चा. भारतात तो 2012 मध्ये थिएटरांत लागला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडीसारखा शफीक सुपरमॅन होतो. सायकल ही कॅमेऱ्याची ट्रॉली होते, बैलगाडी ही क्रेन होते. उडण्यासाठी हिरवा पडदा लावला जातो. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो. संहिता फरोघ जाफरी लिहितात, आणि लिहिता-लिहिता मुंबई आपल्याला कधी विचारेल का, हे दुःख बोलून दाखवतात.

‘सुपरमॅन’च्या चौथ्या भागाशी याची तुलना करून पाहा. पैशाची तंगी दोघांकडे होती, इथे तर कितीतरी जास्त. पण चौथा भाग आपली गरिबी लपवत होता, म्हणून ती जागोजागी उघडी पडली. मालेगावचा सुपरमॅन आपली गरिबी अंगावर घेऊन उडतो. अशक्त शरीर, धूळ, घाण, धूर हेच त्याच्या गोष्टीचं साहित्य. त्याच्या खलनायकाला घाण आवडते. हा खलनायक मालेगावच्या प्रत्येक रहिवाशाच्या ओळखीचा होता. बलाढ्य सुपरमॅनची या शहराला गरज नव्हती. आपल्यासारखाच दम लागणारा, तरी उडू पाहणारा माणूस त्यांना हवा होता.

म्हणून मी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा ‘मालेगाव के शोले’चा खरा उत्तरभाग मानतो. पात्रं वेगळी आहेत, कथा वेगळी आहे, पण काम तेच पुढे नेलं आहे: परक्याची गोष्ट घेऊन आपलं जगणं सांगायचं. विडंबन करता-करता तो स्वतःची गोष्ट झाला. 2006 आणि 2008 मध्ये या शहराने बॉम्बस्फोट सोसले. बाहेरच्या जगाला मालेगाव फक्त त्या बातम्यांतून ठाऊक होतं. त्याच काळात त्या शहरातली पोरं सुपरमॅनला पाडून, उठवून, पुन्हा उडवत होती, याचं मोल मोठं आहे.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. स्थानिक बायकांना त्यात जागा नव्हती, नायिका बाहेरून आणावी लागे. आणि कर्करोगाने शफीक पुढे लवकर गेला. स्वप्नाला कौतुक मिळालं, स्वप्न पाहणाऱ्यांना आधार मिळाला नाही. गरिबीतली कल्पकता सुंदर असते म्हणून गरिबी सुंदर मानू नये.

सिनेमावरचा सिनेमा

या साऱ्या प्रवासावर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा पिक्चर केला. तो 2024 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि 28 फेब्रुवारी 2025 रोजी थिएटरांत आला. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह आणि शशांक अरोरा यांनी अनुक्रमे नासिर, फरोघ आणि शफीक उभे केले, लेखन वरुण ग्रोव्हर यांचं. एका अर्थाने हा माहितीपटाचा उत्तरभाग. तो कमी पडतो का?

माझं मत असं, की कॅमेऱ्याची सफाई आल्यावर माहितीपटातला खरखरीतपणा जातो, आणि मागांच्या आवाजात बोलणाऱ्या खऱ्या चेहऱ्यांची जागा नट कितीही चांगले असले तरी घेऊ शकत नाहीत. तेवढा तो कमी पडतो. पण कागतींनी स्वतःचा प्रश्न आणला. माहितीपट विचारतो, हे लोक पिक्चर कसा बनवतात? हा पिक्चर विचारतो, पिक्चर बनवताना मैत्रीचं काय होतं? लेखकाला श्रेय न मिळाल्याची जखम, तुटलेले मित्र आणि आजारी मित्रासाठी पुन्हा जमणं, हे त्याचं स्वतःचं आहे. म्हणून तो उभा राहतो.

मालेगावची वाट पुढे यूट्यूबवर आली. ‘छोटू दादा’ या विनोदी पात्राचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले, आणि त्यांवर ‘खान्देशी’ हा शिक्का अभिमानाने मिरवला जातो. छोटू कधी ट्रॅक्टरवाला होतो, कधी जेसीबीवाला. इथे रोज उत्तरभाग निघतो आणि लोक पाहतात. कारण साधं आहे: माणूस तोच, पण धंदा बदलला की अडचणी बदलतात. विनोदाची पातळी नेहमीच वर असते असं नाही, पण मालिका चालवण्याचं हे शहाणपण कोणत्याही स्टुडिओने शिकण्यासारखं आहे.

निकाल आणि विनंती

एवढ्या उदाहरणांनंतर निकाल असा देतो. दुसरा भाग पैशाने पडत नाही, पैशाविनाही पडत नाही. प्रेक्षक कंटाळले म्हणूनही पडत नाही. पहिल्या गोष्टीने उघडलेला प्रश्न मिटल्यावर नवा प्रश्न न शोधता निर्माते फक्त आकार वाढवतात, तेव्हा तो पडतो. प्रश्न मोठा घेतला पण त्याला पेलणारी कारागिरी आणि वेळ दिला नाही, तरीही पडतो. दुसरा भाग पाहताना एवढंच विचारावं: या वेळी नायकाला काय कमी आहे? उत्तर सापडलं नाही तर पडद्यावर कितीही ग्रह फुटोत, आपल्या पदरात काही पडणार नाही.

विनंती आपल्या भागातल्या तरुणांना आहे. जळगावात, धुळ्यात, अमळनेरात आज हातात चांगले कॅमेरे आहेत. अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ यांनी प्रेक्षक तयार करून ठेवला आहे. आता अंतराळाची गोष्ट सांगा. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाऊन या. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद आहे, साल 1207. ग्रहांची गती मोजणाऱ्या आजोबांचं काम नातवाने पुढे चालू ठेवल्याचा हा पुरावा आपल्याच मातीत आहे. आजोबांच्या नावाचा नुसता जयघोष न करता त्यांचं गणित पुढच्या मुलांनी शिकावं, ही सोय त्याने केली.

आपला सुपरहिरो केळीच्या बागेतला असो, जिनिंगमधला असो की यंत्रमागावरचा, त्याला आपल्या बोलीत बोलू द्या आणि त्याची एक खरी अडचण शोधा. पहिला भाग गाजला, तर दुसऱ्याची घाई करू नका. नवी अडचण सापडेपर्यंत थांबा. आणि ज्यांच्या हाती पैसा आहे, त्या व्यापाऱ्यांनी, संस्थांनी आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने अशा मुलांच्या पाठीशी वेळेवर उभं राहावं. शफीकसारखा नट आपल्याकडे पुन्हा जन्मेल. त्याला या वेळी कौतुकाबरोबर मोबदला, औषधपाणी आणि हक्काचं श्रेय मिळायला हवं.